पत्ता कोठे हरवला? : दोन प्रकारच्या जाळ्यांतील स्वयंचलित पत्तावाटप आणि त्यातील दोषांचे निदान

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• संगणकास आपोआप पत्ता कसा मिळतो, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• केबलचे जाळे आणि वाय-फायचे जाळे सेतूने जोडल्यावर हे पत्तावाटप का अडते, याचे कारण स्पष्ट करता येईल.
• दोष शोधण्याचा क्रम पाळून त्याचे नेमके वर्णन मराठीत लिहिता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आषाढात भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीची घाई असते. अशा दिवसांत संपर्कसत्रास येणारी विद्यार्थिनी एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते, हे आम्हा समंत्रकांना ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी लाखनी तालुक्यातील एका गावी असे सत्र होते. परीक्षेचा अर्ज विनाविलंबशुल्क भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. गावाच्या एका टोकास ग्रामपंचायत, दुसऱ्या टोकास शाळा आणि मध्ये जुना मालगुजारी तलाव. ग्रामपंचायतीत प्रकाशतंतूची जोडणी आलेली होती. तेथील राउटरचा वाय-फाय संकेत तलावापलीकडे शाळेच्या छतावरील एक उपकरण झेलत असे. त्या उपकरणातून एक केबल खोलीतील स्विचला आणि स्विचमधून सहा संगणकांना जोडलेली होती.

त्या सकाळी सहांपैकी तीन संगणक व्यवस्थित चालत होते आणि तीन चालत नव्हते. ग्रामपंचायतीच्या ओसरीत उभे राहिले, तर प्रत्येकाच्या मोबाईलवर जोडणी मिळत होती. केबल बदलून पाहिल्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू केले. बंद होते ते बंदच राहिले. तंत्रज्ञास फोनवर आम्ही एवढेच सांगितले की, ‘नेट चालत नाही’. तो भंडाऱ्याहून आला, ग्रामपंचायतीतील राउटर चालू असल्याचे पाहून परत गेला. आम्ही सांगितलेल्या वाक्यात त्याला शाळेपर्यंत नेणारे काही नव्हतेच.

त्या दिवशीचा दोष नेमका कोणता होता, हे या पाठात क्रमाने पाहू. तांत्रिक विषय मराठीत मांडताना आधी संकल्पना, मग प्रक्रिया आणि मग दोष असा क्रम ठेवावा. येथेही तोच ठेवला आहे.

३. दोन प्रकारचे पत्ते

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाची ओळख दोन प्रकारांनी होते. पहिली ओळख म्हणजे मॅक पत्ता. तो उपकरणाच्या जोडणी-भागास कारखान्यातच दिलेला असतो. तो ४८ बिटांचा असतो आणि बारा चिन्हांत लिहिला जातो. दुसरी ओळख म्हणजे आयपी पत्ता. तो त्या-त्या जाळ्यातील उपकरणाची जागा सांगतो. प्रचलित पद्धतीत तो चार संख्यांनी लिहितात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. (पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात.)

तुमसरची व्यक्ती पवनीस राहावयास गेली, तर तिचे नाव तेच राहते, टपालाचा पत्ता मात्र बदलतो. मॅक पत्ता हा नावासारखा आणि आयपी पत्ता हा टपालाच्या पत्त्यासारखा समजावा. या उपमेस एक मर्यादा आहे. अलीकडचे अनेक मोबाईल खाजगीपणासाठी प्रत्येक जाळ्यात वेगळा, बनवलेला मॅक पत्ता वापरतात. म्हणून ‘नाव कधीच बदलत नाही’ असे विधान आज निरपवाद राहिलेले नाही.

पुढील विवेचनासाठी ‘हा संदेश कोणाचा’ याची ओळख मॅक पत्त्यावरून पटते, एवढे लक्षात ठेवावे.

४. चार वाक्यांचा संवाद

पूर्वी प्रत्येक संगणकावर आयपी पत्ता हाताने लिहावा लागे. दोन संगणकांना चुकून एकच पत्ता दिला गेला की दोन्ही अडत. हे काम आपोआप व्हावे म्हणून १९८५ मध्ये ‘बूटपी’ नावाचा संकेत तयार झाला. त्याच पायावर पुढे ‘डीएचसीपी’ हा संकेत उभा राहिला. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेले त्याचे प्रमाणरूप मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घराघरांतील राउटर आजही प्रामुख्याने त्याच रीतीने पत्ते वाटतात.

ही प्रक्रिया म्हणजे चार वाक्यांचा संवाद आहे. भाषेच्या अभ्यासकास तो चटकन उमगेल :

संगणक : ‘मी अमुक मॅक पत्त्याचा. येथे पत्ता देणारे कोणी आहे काय?’ (डिस्कव्हर)
वाटपकर्ता : ‘मी आहे. तुला १९२.१६८.१.२५ देऊ शकतो.’ (ऑफर)
संगणक : ‘तोच पत्ता मला द्यावा.’ (रिक्वेस्ट)
वाटपकर्ता : ‘दिला. इतक्या काळापुरता तो तुझा.’ (अ‍ॅकनॉलेजमेंट)

वाटपकर्ता म्हणजे बहुधा मुख्य राउटरच. या संवादाची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले असे की, संगणकाजवळ स्वतःचा आयपी पत्ता नसतो आणि वाटपकर्ता कोठे आहे हेही त्यास ठाऊक नसते. म्हणून पहिले वाक्य तो दवंडी पिटावी तसे सर्वांना उद्देशून बोलतो. दुसरे असे की, पत्ता कायमचा मिळत नाही, तो मुदतीने मिळतो. निम्मी मुदत सरली की संगणक नूतनीकरण मागू लागतो.

हाकेस कोणीच उत्तर दिले नाही, तर अनेक संगणक नाइलाजाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. पडद्यावर हा आकडा दिसला की ‘मी हाक मारली, पण उत्तर माझ्यापर्यंत पोहोचले नाही’ असा त्याचा अर्थ करावा. अनेक मोबाईलवर अशा वेळी ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ अशा अर्थाची ओळ रेंगाळत राहते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वरील चार वाक्यांपैकी पहिले वाक्य सर्वांना उद्देशून का बोलावे लागते?

५. सेतू म्हणजे काय?

दोन जाळी जोडण्याच्या दोन रीती आहेत. राउटर दोन जाळ्यांच्या सीमेवर उभा असतो. तो निवडक संदेश पलीकडे पाठवतो, परंतु सर्वांना उद्देशून मारलेली हाक ओलांडू देत नाही. सेतू, म्हणजे ब्रिज, दोन जाळ्यांचे एकच जाळे करतो. त्यामुळे एका बाजूची हाक दुसऱ्या बाजूसही ऐकू जाते. म्हणून सेतूने जोडलेल्या जाळ्यास एकच वाटपकर्ता पुरतो. राउटरने विभागलेल्या जाळ्यांत मात्र प्रत्येक बाजूस वेगळा वाटपकर्ता ठेवावा लागतो किंवा हाक पुढे पोहोचवणारा मध्यस्थ नेमावा लागतो.

दोन्ही बाजूंस केबलच असेल, तर सेतूचे काम सोपे असते. एका बाजूस केबल आणि दुसऱ्या बाजूस वाय-फाय असेल, तर मात्र त्यास एक प्रकारे भाषांतर करावे लागते, कारण दोहोंचे नियम वेगळे आहेत. केबलच्या जाळ्याचे, म्हणजे इथरनेटचे, प्रमाण १९८३ मध्ये मान्य झाले, वाय-फायचे १९९७ मध्ये. जाळ्यातून जाणाऱ्या संदेशाचे दोन भाग मानू : बाहेरचा लिफाफा आणि आतील चिठ्ठी. इथरनेटच्या लिफाफ्यावर दोन नावे असतात, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे. वाय-फायच्या नेहमीच्या लिफाफ्यावर तीन नावे असतात, कारण मध्ये प्रक्षेपण-केंद्राचेही नाव लिहावे लागते. चौथ्या नावासाठी जागा ठेवलेली आहे, पण साध्या जोडणीत ती वापरली जात नाही.

६. लिफाफ्यावरील नाव आणि चिठ्ठीतील नाव

आता शाळेच्या छतावरील उपकरणाकडे वळू. ग्रामपंचायतीतील राउटरच्या दृष्टीने ते एक साधे वाय-फाय ग्राहक आहे, एखाद्या मोबाईलसारखे. वाय-फायची रीत अशी की, जो ग्राहक रीतसर जोडला गेला आहे, त्याच्याच नावाने संदेश स्वीकारायचा आणि त्याच्याच नावे उत्तर पाठवायचे. उपकरणामागे सहा संगणक आहेत, हे राउटरच्या वाय-फाय भागास माहीत नसते. साध्या लिफाफ्यावर ‘हा संदेश माझ्यामागच्या अमुक संगणकाचा आहे’ असे लिहिण्यास वेगळी जागाही नसते.

मग असा सेतू तडजोड करतो. संगणकाची हाक पुढे पाठवताना तो लिफाफ्यावर संगणकाचे नाव खोडून स्वतःचे लिहितो. चिठ्ठी मात्र उघडत नाही. पत्ता मागणाऱ्या चिठ्ठीत संगणकाचा मॅक पत्ता पुन्हा एकदा लिहिलेला असतो, तो तसाच राहतो. परिणामी लिफाफ्यावर एक नाव आणि चिठ्ठीत दुसरे नाव अशी स्थिती होते.

वाटपकर्ता उत्तर देताना चिठ्ठीतील नाव पाहतो आणि नव्या लिफाफ्यावर तेच लिहितो. हा लिफाफा राउटरच्या वाय-फाय भागाकडे येतो. तेथील यादीत या नावाचा ग्राहकच नसतो. लिफाफा तेथेच टाकून दिला जातो. हाक पोहोचली, उत्तर दिलेही गेले, पण ते परतीच्या वाटेवर हरवले.

तीन संगणक तरीही का चालत होते? पत्ता मागणाऱ्या चिठ्ठीत एका बिटाची खूण करता येते : ‘उत्तर माझ्या नावे न पाठवता सर्वांना उद्देशून पाठवावे.’ ही खूण असली, तर उत्तरही दवंडीच्या रूपात येते, सेतूस ऐकू जाते आणि तो ते मागील संगणकांपर्यंत पोहोचवतो. काही संगणकप्रणाली ही खूण स्वतःहून करतात, काही करत नाहीत. शाळेतील तीन संगणकांवर एक प्रणाली होती आणि उरलेल्या तिनांवर दुसरी. एकाच स्विचवरील निम्मे संगणक चालतात आणि निम्मे चालत नाहीत, हा चमत्कार त्यातून घडला होता. केबल बदलून तो जाणे शक्यच नव्हते.

सेतू बाह्यरूपाचे भाषांतर करतो, पण आतील मजकुराचे करीत नाही. दोष या विसंगतीतून जन्मतो आणि तो वाय-फायपुरता नाही. पूर्वी इथरनेटबरोबर ‘टोकन रिंग’ नावाचे जाळे वापरात होते. इथरनेट प्रत्येक आठ बिटांच्या गटातील लहान किमतीचा बिट आधी पाठवी, टोकन रिंग मोठ्या किमतीचा. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी येतो आणि ५ नंतर. ही रीत न जाणणारा लेखनिक ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहून बसेल. दोन जाळ्यांमधील सेतू लिफाफ्यावरील पत्त्याचा क्रम सुधारून घेई, पण चिठ्ठीच्या पोटातील पत्ता उलटाच राहिला, तर तेथेही दोन नावे जुळत नसत.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘उत्तर दिले गेले, पण पोहोचले नाही’ या विधानाचे स्पष्टीकरण लिफाफा आणि चिठ्ठी या उपमेच्या आधारे करा.

७. निदानाचा क्रम

लक्षण समान असले, तरी कारणे अनेक असू शकतात. म्हणून पुढील क्रम पाळावा आणि प्रत्येक पायरीचे उत्तर लिहून ठेवावे.

(अ) पडद्यावरील पत्ता वाचावा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर उत्तर मिळालेले नाही. पत्ता आपल्या जाळ्याच्या मालिकेतील असून संकेतस्थळे उघडत नसतील, तर पत्तावाटप ठीक आहे आणि दोष पुढे कोठेतरी आहे. पत्ता भलत्याच मालिकेतील असेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.०, तर जाळ्यात दुसरा वाटपकर्ता शिरला आहे. कोणीतरी घरचा जुना राउटर स्विच म्हणून आणून जोडला की असे घडते. सेतूमुळे त्याचे उत्तरही सर्वत्र पोहोचते आणि जो आधी उत्तर देतो, त्याचाच पत्ता संगणक बहुधा घेतो.

(आ) सेतू वगळून पाहावे. बंद असलेला संगणक थेट मुख्य राउटरला केबलने जोडावा. तेथे पत्ता मिळाला, तर वाटपकर्ता आणि संगणक दोघेही निर्दोष ठरतात. संशय मधल्या वाटेवर येतो.

(इ) हाताने पत्ता देऊन पाहावे. संगणक पुन्हा जागी आणून वाटपाच्या मर्यादेबाहेरचा, पण त्याच मालिकेतील पत्ता तात्पुरता लिहावा आणि राउटरकडून प्रतिसाद येतो का, ते पाहावे. प्रतिसाद आला, तर वाट खुली आहे आणि फक्त चार वाक्यांचा संवाद तुटत आहे. नाही आला, तर वाटच बंद असण्याचा संभव अधिक. चाचणी संपताच हा पत्ता काढून टाकण्यास विसरू नये.

(ई) पत्त्यांचा साठा तपासावा. राउटरमध्ये वाटपासाठी १०० ते १४९ अशी मर्यादा असेल, तर एकूण ५० पत्ते होतात. मुदत २४ तासांची असेल, तर सकाळी येऊन गेलेल्या मोबाईलचे पत्ते संध्याकाळीही अडकलेले राहतात. गर्दीच्या दिवशी मुदत एक-दोन तासांवर आणावी किंवा मर्यादा वाढवावी.

(उ) थोडे थांबून पुन्हा मागणी करावी. जाळ्यात वर्तुळ होऊ नये म्हणून काही स्विच आणि सेतू नवी जोडणी लगेच खुली करीत नाहीत. त्यांच्या जुन्या प्रमाणानुसार १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. या ३० सेकंदांत संगणकाने मारलेल्या हाका वाया जातात. थोड्या वेळाने पुन्हा मागितल्यावर पत्ता मिळत असेल, तर हे कारण समजावे.

(ऊ) दोन्ही टोकांस संवाद ऐकावा. वायरशार्कसारख्या मोफत साधनाने चारही वाक्ये पाहता येतात. राउटरकडे डिस्कव्हर आलेला व ऑफर गेलेला दिसतो, पण संगणकाकडे ऑफर दिसत नाही, असे आढळले की परतीच्या वाटेवरील दोष सिद्ध होतो. त्याच वेळी राउटरच्या वाय-फाय ग्राहकांच्या यादीत सहा संगणकांऐवजी छतावरील उपकरणाचे एकच नाव दिसावे.

८. उपाय

निदान निश्चित झाल्यावर परिस्थितीनुसार उपाय निवडावा.

पहिला उपाय, शक्य असेल तेथे वाय-फायऐवजी केबल वापरणे. तांब्याच्या केबलची नेहमीची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे प्रकाशतंतू लागतो. दुसरा उपाय, दोन्ही टोकांची वाय-फाय उपकरणे चार नावांच्या लिफाफ्यावर आणणे. बाजारात या सोयीस बहुधा ‘डब्ल्यूडीएस’ म्हणतात. त्यामुळे मूळ संगणकाचे नाव लिफाफ्यावर टिकते. परंतु वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत ही सोय जुळेलच असे नाही. तिसरा उपाय, सेतूमध्ये पत्तामागणीचे मध्यस्थ काम करण्याची सोय असल्यास ती सुरू करणे.

चौथा उपाय, सेतूचा राउटर करणे. मग छतावरील उपकरण स्वतःच्या नावाने एकच पत्ता मागते. लिफाफ्यावर आणि चिठ्ठीत तेच नाव असल्याने उत्तर हरवत नाही. मागील संगणकांना ते १९२.१६८.२ अशा निराळ्या मालिकेतून पत्ते वाटते. याची किंमत अशी की, दोन्ही बाजू आता एकाच जाळ्यात राहत नाहीत; ग्रामपंचायतीतील संगणकास शाळेतील छपाईयंत्र सहज दिसणार नाही.

९. तक्रारीची भाषा

त्या दिवशी दुपारी एका विद्यार्थिनीने वहीत लिहून काढले : ‘सहांपैकी तीन संगणकांवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तेच संगणक ग्रामपंचायतीत केबलने जोडल्यावर योग्य पत्ता मिळतो. शाळेत हाताने पत्ता लिहिल्यास संकेतस्थळ उघडते. चालणारे तीन संगणक वेगळ्या प्रणालीचे आहेत.’ ही चार वाक्ये तंत्रज्ञास फोनवर वाचून दाखवली. दोन्ही टोकांची उपकरणे वेगवेगळ्या कंपन्यांची असल्याने त्याने चौथा उपाय सुचवला आणि फोनवरूनच करवून घेतला. सहाही संगणक चालू झाले आणि सर्वांचे अर्ज मुदतीत गेले. सकाळी हीच वाक्ये सांगता आली असती, तर तंत्रज्ञाची भंडाऱ्याहून झालेली फेरी वाचली असती आणि काही जणींना दुपारपासून शेतावर जाऊन अर्ध्या दिवसाची मजुरी मिळाली असती.

तिच्या वाक्यांत ‘नेट’, ‘बंद’, ‘खराब’ हे शब्द नाहीत, हे पाहावे. काय दिसते, कोठे दिसते, काय बदलल्यावर बदलते आणि काय बदलल्यावरही तसेच राहते, एवढेच त्यांत आहे. तिला डीएचसीपी हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. पारिभाषिक शब्द मागाहून शिकता येतो, निरीक्षण मात्र त्या क्षणीच नोंदवावे लागते.

१०. सारांश

संगणकास आयपी पत्ता चार वाक्यांच्या संवादातून आणि मुदतीने मिळतो. सेतू दोन जाळ्यांचे एक जाळे करतो. पण जाळी भिन्न प्रकारची असल्यास त्यास लिफाफा बदलावा लागतो. लिफाफ्यावरील आणि चिठ्ठीतील नावे जुळेनाशी झाली की उत्तर परतीच्या वाटेवर हरवते. दुसरा वाटपकर्ता, संपलेला पत्त्यांचा साठा आणि जोडणी खुली होण्यातील विलंब ही इतर कारणे होत. पत्ता वाचणे, सेतू वगळणे, हाताने पत्ता देणे, साठा तपासणे, थांबून पुन्हा मागणे आणि संवाद ऐकणे, या क्रमाने निदान करावे.

११. स्वाध्याय

१. राउटर आणि सेतू यांतील फरक, सर्वांना उद्देशून मारलेल्या हाकेच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. एकाच स्विचवरील काही संगणकांना पत्ता मिळतो व काहींना मिळत नाही, याचे एक कारण सविस्तर लिहा.
३. मराठीतील ‘पंचवीस’ या संख्यावाचक शब्दाचे उदाहरण या पाठात कोणत्या हेतूने दिले आहे? असे आणखी एक उदाहरण आपल्या बोलीतून द्या.
४. उपक्रम : आपल्या घरातील, कार्यालयातील किंवा अभ्यासकेंद्रातील एखाद्या यंत्राच्या बिघाडाचे वर्णन ‘बंद’, ‘खराब’ व ‘चालत नाही’ हे शब्द न वापरता पाच वाक्यांत लिहा. ते अशा व्यक्तीस वाचून दाखवा, जिने तो बिघाड पाहिलेला नाही. आणि तिने विचारलेले प्रश्न वर्णनाखाली नोंदवा.